क्लोरीनच्या खोलीत शिकलेलं

माझी नोकरी पाणी शुद्ध करण्याच्या कामात, क्लोरीनच्या टनरांच्या (टनभराच्या मोठ्या सिलिंडरांच्या) सोबतीनं झाली. आता गोरेगावातल्या टॉवरांचे तरणतलाव पाहायला बोलावणं येतं. तिथल्या ऑपरेटर पोरांना जे सांगतो, ते इथे मांडतो.

१. नाकावर विसंबू नका. रोज क्लोरीनच्या वासात वावरणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यानं आठ तासांसाठी घातलेली सरासरी मर्यादा होती हवेच्या दहा लाख भागांत १ भाग. एवढं प्रमाण डिटेक्टरलाच कळतं. गळती शोधायची तर काठीला बांधलेला अमोनियाचा बोळा जोडांजवळून फिरवा. गळतीपाशी पांढरा धूर उठतो.

२. सिलिंडर जोडताना वॉशर दर वेळी नवा. जुना दाबून बसवू नका.

३. गळक्या टनरवर पाणी मारू नका. हे पाळणं फार कठीण, कारण घाबरलेला माणूस आधी पाण्याचा पाइपच उचलतो. ओल मिळाली की क्लोरीन लोखंड खातो आणि भोक मोठं होतं. प्रशिक्षित माणसांनी, श्वसनयंत्र लावून, टनर असा फिरवावा की भोक वरच्या बाजूला येईल. मग द्रवाऐवजी वायू सुटतो. हा फरक जीव वाचवणारा आहे, कारण द्रव बाहेर पडला की सुमारे साडेचारशे पट पसरतो.

४. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो खाली साचतो, आणि आपल्या टॉवरांचे पंपरूम तर तळघरातच! गळती झाली तर वाऱ्याला आडवं जात उंचावर चढा. पार्किंगमध्ये थांबू नका.

५. पडून राहिलेला सिलिंडर सर्वांत वाईट. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात, पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षं पडलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. काम चालू असलेल्या टनरकडे कुणाचं तरी लक्ष असतं. बेवारस सिलिंडर गंजत राहतो आणि त्याची झडप कुणी तपासत नाही. ‘रिकामा’ म्हणून बाजूला ठेवलेल्यातही वायू उरतो.

६. तलावात गॅस नाही, पावडर वापरतो, म्हणून निर्धास्त होऊ नका. ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड पडलं की क्लोरीनच निघतो. दोन प्रकारच्या क्लोरीन पावडरी एकत्र आल्या तर स्फोटही होतो. घरी संडास धुतानाही ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका.

७. खोकला थांबला म्हणून माणसाला घरी पाठवू नका. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं. इस्पितळात देखरेखीखालीच ठेवा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती: या आठवड्यात पंपरूम स्वतः उघडून पाहा. कोपऱ्यात जुना पिवळा सिलिंडर दिसला तर त्याला हात लावू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पुरवठादाराला बोलवा, आणि वास येत असेल तर सगळ्यांना बाहेर काढून आधी १०१ फिरवा.