सतरा शेकेलांचं शेत

निपाणी,
रविवार, दुपार

चि. सोनूस,
मामाचा सलाम.

तुझा तो लांबलचक मेसेज पहाटे पावणेचारचा होता. मी पाचला उठतो. चहा ठेवून वाचायला घेतला आणि चहा उतू गेला. मोबाइलवर एवढं टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागदच घेतलाय. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, कागद समोर नसला की मला काही सुचत नाही.

नाइट ड्युटीत वॉर्ड शांत झाला की तू फोन उघडतेस. कधी गाझातली मुलं, कधी युक्रेनमधली पडकी घरं. मग फोन ठेवून प्रार्थना करायला जातेस तर शब्दच येत नाहीत. देवाला हे दिसत नाही का, आणि दिसत असेल तर त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं विचारलंस. तीन महिने उपासनेला गेली नाहीस, हे आईला सांगू नका म्हणालीस. नाही सांगत. मी स्वतः चार महिने गेलो नव्हतो, ते तरी तिला कुठं सांगितलंय!

२०२१ चा मे आठव. तुझी मामी अकरा दिवस दवाखान्यात होती. शेवटचे दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून ऑक्सिजनसाठी फोन फिरवत होतो. दफनाला आम्ही सहा माणसं. तुझी आई कोल्हापूरहून निघाली, खरं रिपोर्ट हातात नव्हता म्हणून हद्दीवरच्या नाक्यावर अडकली. नाक्यावर अडवणाऱ्या पोरांचा काही दोष नव्हता, नियमच तसा होता. एका हातात मी फोन धरला, दुसऱ्या हाताने माती लोटली. तुझ्या आईने भावजयीला शेवटचं पाहिलं ते ट्रकांच्या रांगेत उभं राहून, तळहाताएवढ्या पडद्यावर.

मग सांत्वनाचे फोन सुरू झाले. यात देवाची योजना आहे. देवाला चांगली माणसं आधी लागतात. तिला बोलावणं आलं. माणसं चांगली होती, मनापासून बोलत होती, आणि प्रत्येक वाक्याला मला फोन भिंतीवर आपटावासा वाटत होता. असला कसला देव, की ज्याची योजना ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी अडते? मी उपासना सोडली. पवित्र शास्त्र कपाटात ठेवून दिलं.

एका संध्याकाळी पाळकसाहेब आले. आत आले नाहीत, त्या दिवसांत कोणीच कोणाच्या घरात जात नव्हतं. बाहेरच्या कट्ट्यावर अर्धा तास बसले. एक शब्द नाही, प्रार्थनासुद्धा नाही. उठताना म्हणाले, "सर, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून बघा. त्यात आशा नाही." आणि गेले.

आशा नाही म्हणाले म्हणूनच मी शास्त्र उघडलं. मास्तरची खोड, रचना कशी आहे ते आधी बघायचं. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत माणूस रडतो, भांडतो आणि शेवटी बहुधा सावरतो. हे सावरतच नाही. पहिल्यापासून हाका मारतं, जिवलग दूर गेले म्हणतं आणि अंधारातच संपतं. मी पान उलटून पाहिलं, पुढे काही राहिलंय का. पुढे एकोणनव्वदावं सुरू होतं.

त्या रात्री माझं दुःख काही कमी झालं नाही. एवढंच कळलं, की इतकी कडू तक्रार कोणीतरी केली, कोणीतरी ती लिहून ठेवली, आणि मंडळीने ती शास्त्रातून काढून टाकली नाही. म्हणजे तक्रारीला देवाच्या घरात जागा आहे, ओसरीवर नव्हे, आत. तेरावं स्तोत्रही वाच. सुरुवातीलाच, हे आणखी किती दिवस चालणार, असं चार वेळा विचारलंय. तुझ्या मेसेजमध्ये तेच आहे. तुला प्रार्थना येत नाही म्हणतेस, आणि पहाटे पावणेचारला मला जे लिहिलंस ते काय होतं? फक्त पत्ता चुकला. ते त्याला पाठवायचं होतंस.

तुझ्या कामाचं म्हणून एक सांगतो. वॉर्डातल्या कोणत्याही नातेवाइकाला देवाची योजना सांगायला जाऊ नकोस. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि पुस्तकभर घोटाळा झाला. आपल्या लोकांना ईयोबाचा धीर पाठ असतो, तो देवाशी किती भांडला ते कोणी सांगत नाही.

आता त्या फोनविषयी. बातम्या बघू नकोस असं मी म्हणणार नाही, जगाकडे पाठ करून बसणं हा काही विश्वास नव्हे. खरं रात्री तीन वाजता शंभर चेहरे सरकवत जाणं म्हणजे बघणंही नव्हे. आपण काही पोपांच्या मंडळीतले नव्हे, तरी पोप फ्रान्सिस यांची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ते गाझातल्या पवित्र कुटुंबाच्या चर्चला जवळपास रोज संध्याकाळी फोन करायचे. तिथे शेकडो माणसं आसऱ्याला होती. एवढा मोठा माणूस, जगाला संदेश द्यायचं त्याचं कामच, आणि फोनवर विचारायचा काय, तर कसे आहात, आज काय जेवलात. स्वतः दवाखान्यात पडलेले असतानाही फोन चालू होता. २१ एप्रिल २०२५ ला ते वारले, त्याच्या दोन दिवस आधीही त्यांनी फोन केला होता. त्यांच्या फोनने एक बॉम्ब थांबला नाही. तिथली माणसं मात्र संध्याकाळी त्या फोनची वाट बघायची.

तुझ्या पणजीला, म्हणजे माझ्या आजीला, तू पाहिलेलं नाहीस. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, भिजवलेली पानं फर्म्याला लावून कात्रीने कापायची, चिमूट तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि तोंड दुमडून आत. हजाराचा हिशेब. हात जोडून प्रार्थना करताना मी तिला फक्त देवळात पाहिलं, घरी तिचे हात मोकळे कुठं होते? तिची रीत वेगळी होती. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला की एक नाव घ्यायची. शेजारणीचा दारुडा नवरा, माझी परीक्षा, वखारीतली कोणी बाळंतीण. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे, चाळीस नावं. पुढं काही मागायची नाही. मी एकदा विचारलं, नुसती नावं काय घेतेस? म्हणाली, "त्याला ठावं हाय की काय पायजे ते. नाव तेवढं आपण सांगायचं."

तुझ्या वॉर्डात किती खाटा आहेत? बीपी घेताना हात गुंतलेले असतात, ओठ मोकळे असतात.

आजीचं गोड चित्र काढून मी थांबत नाही हं. त्याच तंबाखूने शेवटी तिचा दम खाल्ला, आणि कट्ट्याकट्ट्याला ठेकेदार विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे कधी मिळाले नाहीत. त्याला मी देवाची योजना म्हणत नाही. त्याला मी लबाडी म्हणतो, आणि आमोस संदेष्टाही तसंच म्हणाला असता.

मामीची प्रार्थनाही अशीच हातांतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, तेव्हा तू बारावीत होतीस. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले होते ते सोडलं, तर पुणे-बेंगळूर रस्ता इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. दोन्ही अंगाला ट्रकांची रांग. मामीने मंडळीतली नाताळच्या जेवणाची पातेली बाहेर काढली. पाळकसाहेबांनी अन्नावर आशीर्वाद मागायला डोळे मिटले, प्रार्थना जरा लांबली, आणि डोळे उघडले तेव्हा पहिली पंगत अर्धी जेवून झाली होती. मामीचं म्हणणं, भुकेल्या माणसाचं आमेन लवकर येतं. तमिळनाडूकडचा एक ड्रायव्हर आमटीकडे बघत बसला होता, भाषा कोणालाच कळेना. हिने चिंचेचं पाणी घालून वाटीभर आमटी पातळ केली आणि पुढे धरली. त्याने ओंजळीत घेऊन प्यायली, पुन्हा ओंजळ पुढे केली. आणखी दोन वर्षांनी तीच मामी ऑक्सिजनवाचून जाईल, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं! ठाऊक असतं तरी तिने चिंच घातलीच असती, एवढं मी तिला ओळखतो.

दुःख सोसूनही हात थांबवले नाहीत अशा आपल्या पंडिता रमाबाई बघ. आपल्या म्हणतो, कारण त्यांचा जन्मही आता कर्नाटकात असलेल्या गंगामूळच्या रानातला. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, भावाबरोबर पायी देश तुडवला, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा कॉलऱ्याने गेला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा केडगावला घेऊन आल्या. आपल्या घरावरून गेलेला दुष्काळ दुसऱ्याच्या दारात दिसला की माणूस दार लावून घेतो, तसं त्यांनी केलं नाही. मला मात्र त्यांचं शेवटचं वर्ष जास्त शिकवतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच मुली त्याचे खिळे जुळवत होत्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. मधल्या महिन्यांत मुद्रितं तपासणं चालू होतं. सबंध बायबल १९२४ साली बाहेर आलं, त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही. मुलीच्या मागे राहिलेल्या त्या आठ-नऊ महिन्यांत काना-मात्रा दुरुस्त करणारा हात कसा असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आणि यिर्मया संदेष्टा. सीमाभागातल्या माणसाने यिर्मया वाचलाच पाहिजे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा, हा पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत, शहर पडणार असं स्वतःच सांगत सुटलेला. तेवढ्यात चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. शत्रूच्या ताब्यातली जमीन! कोणता शहाणा घेईल? याने सतरा शेकेल रुपं तराजूत मोजून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मडक्यात घालून ठेवायला लावल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आपल्याकडे उताऱ्यासाठी सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला या प्रकरणाची गंमत लगेच कळते. ते शेत त्याने कधी कसलं नाही. त्याच यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं होतं, की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा.

बेळगाव म्हणजे बाबेल नव्हे, गैरसमज नको. खरं १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण इकडचे का तिकडचे हे ठरतंच आहे, २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात ठरतंय. निकाल लागेपर्यंत लग्न नको असं तुझे आजी-आजोबा म्हणाले असते, तर आज पहाटे पावणेचारला मला मेसेज आला नसता.

२०२१ चा नाताळही तसाच अधांतरी. बेळगावच्या अधिवेशनात धर्मांतराविषयीचं विधेयक विधानसभेने २३ डिसेंबरला मंजूर केलं, नाताळला दोन दिवस होते. घरोघरच्या प्रार्थनासभा आवाज उतरवून चालल्या होत्या. मामी नसलेला पहिला नाताळ, तारा टांगायचा का नाही यावर माझं मन ठरेना. शेजारचा पोरगा शिडी घेऊन आला आणि टांगून गेला. तो त्या कायद्याच्या बाजूचा होता, आजही आहे, यावरून आमची कडाक्याची वादावादी होते. शिडी त्याचीच. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

उपासनेला कधी जायचं ते तू ठरव. मी गेलो तो पश्चात्ताप वगैरे होऊन नव्हे. गाण्याच्या आवाजात मामीच्या जागेचा आवाज कमी पडतो, हे ऐकायला गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो, आजही तिथंच बसतो.

सोबत खारातली मिरची आणि कुंदा पाठवतोय, कुंदा लवकर संपव, टिकत नाही. कोल्हापूरला तुझ्या आईकडे पोचेल, तिथून ती पाठवेल. ड्युटीची पाळी मला कळव. नाइट असली तर निघण्याआधी, संध्याकाळी सातला मी फोन करीन. देवाबद्दल काही विचारणार नाही. काय जेवलीस तेवढं सांग.

तुझा,
मामा