संकटकाळची शिल्लक : किती आणि कोठे?

सुबत्तेच्या सात वर्षांत योसेफाने पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवविला, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु उत्पत्ती ४१:४८ हे वचन आपण घाईने वाचून पुढे जातो. ज्या नगराभोवती जे पिकले, ते त्याने त्याच नगरात साठविले. किती साठवावे याइतकेच, गरजेच्या दिवशी ते हाती येईल काय, यालाही महत्त्व आहे.

बंगळुरूच्या श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने १० जानेवारी २०२० पासून निर्बंध लागू केले. खात्यात कितीही रक्कम असो, काढता येत होते ते फक्त ३५,००० रुपये. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना तर सप्टेंबर २०१९ मध्ये आरंभी अवघे १,००० रुपये मिळत. तेव्हा ठेवींना विम्याचे संरक्षण १ लाखापर्यंत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका खातेदारास, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाखांचे झाले. २०२१ च्या दुरुस्तीने, असे निर्बंध आल्यास ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. विमा चांगलाच, पण ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांचे घरभाडे आणि तीन महिन्यांचा किराणा! म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च दुसऱ्या एखाद्या बँकेत असावा. अर्धा-एक टक्का अधिक व्याजासाठी सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आता रक्कम ठरवू. पगाराचा आकडा बाजूला ठेवा. भाडे, धान्य, औषधे, मुलांची फी, कर्जाचे हप्ते एवढेच मांडा. समजा, ही बेरीज २५,००० झाली. घरात दोघे मिळवते व नोकऱ्या कायम असतील तर तिप्पट, म्हणजे ७५,००० पुरावेत. एकच मिळवता हात आणि खाजगी नोकरी असेल तर सहापट, दीड लाख. स्वतःचा धंदा असेल, तर त्याहूनही अधिक. बंगळुरूत घरमालकाकडे दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवण्याची रीत आहे. ती रक्कम आपलीच असली तरी घर सोडेपर्यंत मिळत नाही, म्हणून या हिशेबात धरू नये. सोने मोडता येते, परंतु घाईत मोडले तर घट सोसावी लागते.

शिल्लक ठेवणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे काही बंधुभगिनींना वाटते. लूक १२ मधील धनवानाने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला, पण सारा साठा केवळ स्वतःसाठीच ठेवायचे ठरविले. आपला आकडा ठरलेला असला, म्हणजे त्यावरचा पैसा मुलांच्या शिक्षणाला, दानाला वा शेजाऱ्याच्या अडचणीला मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट. हे खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावे, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील अशा पद्धतीचे असावे. वारसाचे नाव नोंदवावे, आणि पासबुक कोणत्या कपाटात आहे हे दोघांनाही माहीत असावे.