जुन्या मोटारींतील ई.जी.आर. यंत्रणा : काढून टाकावी की स्वच्छ करावी ?

दहाबारा वर्षे वापरलेली मोटार ओढ कमी पडते म्हणून गॅरेजमध्ये नेली असता, "ई.जी.आर. बंद करून टाकू, गाडी मोकळी होईल," असा सल्ला वाहनधारकास पुष्कळदा मिळतो. खर्च थोडा, काम तासाभराचे आणि परतताना गाडी खरोखरच मोकळी चालल्याचा अनुभव, यामुळे हा सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचतो. परंतु जी वस्तू निर्मात्याने विचारपूर्वक बसविली, ती काढल्याने नेमके काय साधते व काय बिघडते याची माहिती सर्वसामान्य वाहनधारकास क्वचितच दिली जाते. ती सोप्या शब्दांत करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

न दिसणारे प्रदूषण

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. नेहमीच्या तपमानात हे दोन वायू शेजारी शेजारी राहूनही एकमेकांशी संयोग पावत नाहीत. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा मात्र तपमान साधारणतः १,४०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि या दोहोंपासून नायट्रोजनची ऑक्साइडे वेगाने तयार होऊ लागतात. तपमान जितके अधिक, तितके त्यांचे प्रमाणही अधिक.

यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू श्वसनमार्गाचा दाह करतो. दमेकरी, लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास विशेष होतो. उन्हामध्ये इंधनाच्या अर्धवट जळालेल्या बाष्पांशी त्याची रासायनिक क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन निर्माण होतो, आणि तोही फुप्फुसांस घातक आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या तपकिरी धुरक्याचे मूळ याच क्रियेत आहे, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमवर आणली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

यंत्रणेचे कार्य

ई.जी.आर. म्हणजे जळालेल्या वायूचे पुनराभिसरण. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही अंश एका नळीवाटे व झडपेतून, म्हणजेच व्हॉल्व्हमधून, पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळला जातो. डिझेल गाड्यांत बहुधा हा वायू वाटेत कूलरमधून थंड केलेला असतो. या वायूत ऑक्सिजन कमी असतो आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ ज्वलनाची उष्णता शोषून घेतात. परिणामी ज्वलनाचे कमाल तपमान उतरते. चुलीचा जाळ अनावर झाला म्हणजे एखादे लाकूड मागे ओढतात, स्वयंपाक थांबत नाही, पण भांडे करपत नाही, तसाच हा प्रकार होय.

ही झडप सदैव उघडी नसते. पेट्रोल गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना ती बंद राहते. मध्यम वेगाने जाताना पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाच्या साधारण ५ ते १५ टक्के, तर हलक्या भाराखालील डिझेल इंजिनात कधी कधी निम्म्यापर्यंत असा वायू परत येतो. पूर्ण भार पडताच झडप मिटते किंवा जवळजवळ मिटते. चोर्ल्याच्या घाटात भरलेली गाडी चढविताना चालक अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, त्या क्षणी सुस्थितीतील ई.जी.आर. त्याच्या शक्तीतून काही हिरावून घेत नाही. "घाटात ओढ मिळावी म्हणून ती काढली" या समजुतीचा पाया येथेच ढासळतो.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७३ च्या मोटारींपासून नायट्रोजन ऑक्साइडांवर राष्ट्रीय मर्यादा आली व ही यंत्रणा तेथे सर्वत्र रूढ झाली. भारतात टप्प्याटप्प्याने भारत स्टेज मानके लागू झाली. डिझेल मोटारीसाठी या ऑक्साइडांची मर्यादा तिसऱ्या टप्प्यात दर किलोमीटरला ०.५० ग्रॅम, २०१७ मध्ये देशभर लागू झालेल्या चौथ्या टप्प्यात ०.२५ ग्रॅम आणि २०२० पासूनच्या सहाव्या टप्प्यात ०.०८ ग्रॅम अशी उतरत गेली. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांतील बहुतेक डिझेल मोटारींत या ऑक्साइडांना आळा घालणारे दुसरे साधन नाही. सायलेन्सरच्या वाटेवरील त्यांचा उत्प्रेरक संच कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त करतो, नायट्रोजन ऑक्साइडांचा नव्हे. ई.जी.आर. काढली म्हणजे दारावरचा एकमेव राखणदार हटविला असे होते.

तुलना कशाशी करावी ?

मग गाडी मोकळी का वाटते ? डिझेलच्या धुरातील काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ यांचा चिकट थर कालांतराने झडपेवर व आतील नळीत बसतो. गॅरेजच्या भाषेत "कार्बन धरतो". अशी झडप उघडी अडकून पडली की नको त्या वेळीही जळालेला वायू आत शिरतो. गाडी दबते, काळा धूर सोडते, उभी असताना थरथरते. ती बंद केली की ही लक्षणे थांबतात हे खरे. परंतु येथे तुलना बिघडलेल्या झडपेची न लावलेल्या झडपेशी केली जाते. खरी तुलना स्वच्छ केलेल्या झडपेशी व्हावयास हवी. ती केली असता आढळते की, सुधारणा ही यंत्रणा काढल्यामुळे नसून बिघाड दूर झाल्यामुळे झालेली असते, आणि तोच बिघाड सफाईनेही दूर होतो.

ई.जी.आर. बंद केल्यावर डिझेल गाडीचा काळा धूर कमी होतो, म्हणून मालकास वाटते की प्रदूषणही घटले. वस्तुतः ज्वलन अधिक तप्त झाल्यामुळे काजळी घटते आणि त्याच कारणाने नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात. डोळ्यांस दिसणारे कमी झाले, न दिसणारे वाढले. पेट्रोल गाडीत आणखी एक हानी संभवते. स्पार्कची वेळ ही यंत्रणा चालू आहे असे धरून ठरविलेली असते. ती बंद होताच इंजिनात ठोके, म्हणजे नॉकिंग, सुरू होऊन पिस्टनला अपाय होऊ शकतो. संगणक-नियंत्रित गाड्यांत इंजिनाचा इशारा-दिवा लागतो. तो विझविण्यासाठी मग संगणकातील आज्ञावलीच बदलली जाते, आणि पुढे होणाऱ्या खऱ्या बिघाडाची सूचना मिळण्याचा मार्गही त्यामुळे बंद होण्याचा संभव असतो.

पी.यू.सी. मिळाले, मग हरकत काय ?

हा प्रश्न अनेकजण विचारतात. या तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे ई.जी.आर. काढलेली डिझेल गाडी या चाचणीत निर्वेध उत्तीर्ण होऊ शकते. तपासणीत एखादा दोष सापडला नाही म्हणजे तो नाही असे होत नाही. प्रमाणपत्र हा किमान दाखला आहे, फेरफाराचा परवाना नव्हे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० (२) अन्वये, हवा प्रदूषणाच्या विहित मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे अथवा चालवू देणे यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने अनुज्ञप्तीस अपात्रता, अशी शिक्षा आहे. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ (४) अन्वये वाहनात अनुज्ञेय नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे मालक हा शब्द महत्त्वाचा आहे. "मिस्त्रीने सांगितले" हा बचाव ठरत नाही.

"झडपेने इंजिन खराब होते" हा युक्तिवाद युरोपात न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील लबाड आज्ञावली उघडकीस आल्यानंतर, चाचणीबाहेर ई.जी.आर. मंदावणे वैध आहे काय, हा वाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे आला. इंजिनाची झीज किंवा त्यात साचणारा मळ टाळणे हे कारण पुरेसे नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी दिला. जे मोठ्या निर्मात्यांस मान्य झाले नाही, ते गल्लीतील गॅरेजला कसे मान्य व्हावे ?

वाहनधारकांनी काय करावे ?

१. गाडी दबत असेल, काळा धूर सोडत असेल किंवा इशारा-दिवा लागला असेल, तर प्रथम निदान करून घ्यावे. हवेचा फिल्टर, इंजेक्टर, टर्बोची नळी यांतील दोषही अशीच लक्षणे दाखवितात.

२. झडप अडकली असल्यास ती काढून योग्य द्रावणाने स्वच्छ करवावी व बसविताना नवे गॅस्केट घालावे. सोबत आतील नळीचीही सफाई व्हावी, अन्यथा थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते.

३. झडप झिजली असेल तर ती बदलावी. खर्च अधिक वाटला तरी इंजिनाच्या दुरुस्तीपुढे तो थोडा असतो.

४. कूलरमधून पाणी गळते काय ते पाहावे. रेडिएटरचे पाणी कारणाशिवाय घटत असल्यास दुर्लक्ष करू नये.

५. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच इंजिन ऑइल वापरून ते वेळेवर बदलावे. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवू नये. केवळ गावातल्या गावात फिरणारी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चालवावी.

६. जुनी गाडी विकत घेताना ई.जी.आर.च्या तोंडावर पत्रा मारलेला नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. आधीच्या मालकाने केलेल्या फेरफाराचा भार नव्या मालकावर येतो.

ज्या फार जुन्या मोटारींत ही यंत्रणा मुळातच नव्हती, त्यांच्या बाबतीत अर्थातच काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांनी इंजिन व इंधनपुरवठा सुस्थितीत ठेवावा, इतके पुरे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, म्हणजे कायदाही जुन्या गाडीस रस्त्यावर राहू देतो, मात्र ती योग्य स्थितीत असावी एवढीच त्याची अट असते. जुनी गाडी जपून वापरणे ही काटकसर आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु त्या काटकसरीची किंमत शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांनी आपल्या श्वासातून मोजावी, हे कोणाही सुजाण नागरिकास रुचणार नाही. गॅरेजमध्ये पुन्हा तो सल्ला मिळाला तर "काढू नका, साफ करून द्या," एवढे पाच शब्द पुरेसे आहेत.