जुन्या मोटारी आणि रस्त्याचा कर

व्यापाऱ्याला कर हा शब्द नवा नाही. जकात, विक्रीकर, आयकर आणि 2017 पासून वस्तू व सेवाकर, या सर्वांचे हिशेब आपल्या पेढ्यांनी ठेवले आहेत. त्यामुळे कुणाला एखाद्या करातून सूट मिळाली असे कानी आले की, ती कोणत्या न्यायाने मिळाली, हा प्रश्न आपल्या मनात प्रथम उभा राहतो. जतन करून ठेवलेल्या जुन्या मोटारींना रस्त्याचा कर माफ असावा काय, हा वाद वरवर पाहता हौशी श्रीमंतांचा वाटेल. परंतु कर कशाबद्दल द्यावयाचा, या मूळ प्रश्नाशीच तो जाऊन भिडतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

ही सूट पूर्णत्वाने देणारा देश म्हणजे ब्रिटन. तेथे 1921 पासून मोटारीच्या प्रत्येक अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड असा कर बसला आणि त्याची रक्कम रस्त्यांसाठी राखलेल्या स्वतंत्र निधीत जमा होऊ लागली. पुढे चर्चिल अर्थमंत्री असताना 1926 साली त्यांनी या निधीवर हात टाकला आणि 1937 साली कर व रस्ते यांचा संबंध कायद्यानेच तुटला. पैसा सरकारी तिजोरीत जातो. लोकांच्या तोंडी मात्र ‘रस्त्याचा कर’ हेच नाव राहिले. 1996 साली तेथील सरकारने पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना हा कर माफ केला. ही मर्यादा फिरती होती, म्हणजे दरवर्षी एकेक नवे साल सवलतीत येत असे. पण सरकार बदलले आणि दोनएक वर्षांतच ती गोठविण्यात आली. 1 जानेवारी 1973 पूर्वी बांधलेली गाडी तेवढी करमुक्त राहिली. एकाच कारखान्यातून, एकाच नमुन्याच्या, आठवड्याच्या अंतराने बाहेर पडलेल्या दोन गाड्या. एकीला कर शून्य, दुसरीला दरवर्षी पूर्ण! तारखेच्या रेघेवर उभारलेली सवलत किती ठिसूळ असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पुढे 2014 साली चाळीस वर्षांची फिरती मर्यादा ठरविण्यात आली व ती आजही चालू आहे. एक बारकावा आपल्या मुनीम मंडळींस आवडेल. कर शून्य असला, तरी मालकाला दरवर्षी तो रीतसर ‘भरावा’ लागतोच. खात्यात शून्याची नोंद पडल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणता येत नाही. भाड्याने फिरविण्यासारख्या व्यापारी उपयोगाला मात्र ही सूट नाही.

जर्मनीने 1997 साली निराळी वाट धरली. तीस वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात असल्याचा तज्ज्ञाचा दाखला मिळालेली गाडी ‘एच’ अक्षराची पाटी लावते व इंजिन केवढेही असो, वर्षाला 191.73 युरो एवढा ठोक कर देते. मोठ्या इंजिनाच्या गाडीस हा सौदा फायद्याचा पडतो. अगदी लहान इंजिनाच्या गाडीस तो कधी नेहमीच्या करापेक्षा महागही पडतो. नुसते वय झाले म्हणून तेथे काही मिळत नाही. जतन केल्याचा पुरावा द्यावा लागतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. वाहनांवर कर बसविणे हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा अधिकार आहे. हा कर रस्ते वापरल्याची भरपाई होय, असे न्यायालयांनी दीर्घकाळ मानले. ओरिसातील बोलानी खाणीच्या खटल्यात, खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या आणि सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या यंत्रवाहनांवर हा कर बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली ठरविले. मोटार बाळगल्याबद्दल नव्हे, तर रस्ता वापरल्याबद्दल कर, हे त्या निकालाचे मर्म आहे, आणि आपल्या प्रश्नाची किल्ली माझ्या मते येथेच आहे. वर्षातून चार-दोन वेळा प्रदर्शनास निघणारी गाडी रस्ता झिजवते तरी किती? अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात जे प्रयोग झाले त्यांवरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन भार धरला, तर या हिशेबाने झिजेचे प्रमाण एकास एक लाख साठ हजार एवढे पडते. (आपल्यापैकी अनेकांचे ट्रक रस्त्यावर आहेत, तेव्हा हा मुद्दा सरकारदरबारी फार ताणू नये, हे बरे!)

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील, व्यापारी उपयोगात नसलेल्या व मूळ बांधणी न बदललेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीस 20,000 रुपये, पुढील नोंदणीस 5,000 रुपये, मुदत दहा वर्षे आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतफेरी, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. हे बंधन योग्यच आहे. परंतु याच्याशेजारी दुसरे खाते उघडून पाहावे. एखाद्या किरकोळ दुकानदाराची वीस वर्षांवरील साधी मोटार घ्या. 2025 च्या दरपत्रकाप्रमाणे तिच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणास 10,000 रुपये, म्हणजे वर्षाला 2,000 पडतात. संग्राहकाच्या गाडीस पहिली दहा वर्षे वर्षाला तेवढेच 2,000. त्यापुढे मात्र अवघे 500. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीस पर्यावरण कर निराळा. एकाची गाडी शौकासाठी जुनी, दुसऱ्याची नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुनी. आणि भार मात्र दुसऱ्यावर अधिक.

दुकानदाराची गाडी रोज फिरते, धूर सोडते, हे खरे. पण मग त्या धुराची तपासणी करून आकारणी व्हावी. सालाकडे बोट दाखवून नव्हे. तसेच संग्राहकाच्या गाडीस संपूर्ण माफी देण्याऐवजी जर्मनीसारखी लहानशी ठोक रक्कम घ्यावी आणि तिच्या बदल्यात वापराचे बंधन काटेकोर पाळावे, असे मला वाटते. जुनी गाडी हा कारागिरीचा ठेवा आहे, तिच्यामुळे गॅरेजमधील जुने हात कामात राहतात, हे मी नाकारीत नाही. 2023 च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात भरलेले जुन्या गाड्यांचे प्रदर्शन ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगावयास नको. पण ठेव्याचा मालक चार पैसे देऊ शकतो.

सीमाभागातील सभासदांसाठी एक सूचना. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. बेळगावची गाडी कोल्हापुरात भावाच्या वाड्यात ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्यांच्या वखारीत 1960-70 च्या सुमाराची फियाट किंवा अँबॅसडर ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी तिचे मूळ नोंदणीपुस्तक आधी शोधावे. नव्या नियमांखाली अर्ज करताना ते आणि चालू विमापत्र जोडावे लागते. परदेशातून आणलेली गाडी असेल, तर सीमाशुल्काचा आयातदाखला लागतो. बहुतेक घरांत हे कागद त्या सालच्या खतावणीच्या बासनातच सापडतील.