मुंबई ते श्रीक्षेत्र काशी : विमानप्रवासाचे अंतर आणि वेळेचे गणित

महाराष्ट्रातील भाविकांच्या मनात काशीयात्रेचे स्थान फार मोठे आहे. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे त्या धामधुमीतून वाट काढीत अखेर काशीस पोहोचले. गंगाजल घेऊन ते घरी परतले, तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आज विमानाने हीच वाट एका दिवसात सरते. मात्र वेळापत्रकातील सव्वादोन तास म्हणजेच संपूर्ण प्रवास, असे समजून त्याच दिवशी अभिषेक अथवा श्राद्धविधी ठरविल्यास विधीची वेळ टळण्याचा संभव असतो. म्हणून हे गणित नीट समजून घ्यावे.

मुंबई विमानतळापासून काशीच्या बाबतपूर येथील लाल बहादूर शास्त्री विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,२५० किलोमीटर आहे. रेल्वेमार्गाने ते सुमारे १,५०० किलोमीटर भरते व एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्यास हवाई अंतर सुमारे १ तास ३५ मिनिटांत कापले जावे. परंतु चढताना व उतरताना वेग कमी असतो, तसेच धावपट्टीपर्यंत जाण्यासही वेळ लागतो. त्यामुळे थेट विमानास साधारण सव्वादोन तास धरावेत. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना समोरून येतात. म्हणून परतीस थोडा अधिक वेळ लागतो.

घरापासून मंदिरापर्यंतचा हिशेब असा मांडावा :

घर ते मुंबई विमानतळ – दीड तास
उड्डाणापूर्वी विमानतळावर – २ तास
विमानप्रवास – सव्वादोन तास
उतरणे व सामान घेणे – पाऊण तास
बाबतपूर ते गोदौलिया परिसर, सुमारे २५ किलोमीटर – दीड तास
गल्ल्यांतून पायी व सामान ठेवणे – अर्धा तास

एकूण साडेआठ तास. सकाळी ९ च्या विमानासाठी पहाटे साडेपाचला घर सोडणारा भाविक दुपारी २ च्या सुमारास दर्शनरांगेत उभा राहतो. दिल्लीमार्गे विमान बदलून येणाऱ्यांनी यात आणखी काही तास मिळवावेत.

डिसेंबर व जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात दाट धुके पडते. सकाळची विमाने उशिरा येतात, क्वचित रद्दही होतात. या दिवसांत दुपारचे विमान निवडावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. काशी मुंबईच्या पूर्वेस सुमारे १० रेखांशांवर आहे. घड्याळ एकच असले तरी तेथे सूर्य आधी मावळतो. हिवाळ्यात हा फरक पाऊण तासाहून अधिक असतो. सायंकाळच्या गंगा आरतीस जाताना मुंबईच्या सूर्यास्ताचा अंदाज धरू नये.

सारांश, येण्याचा दिवस प्रवासाचा मानावा व विधी दुसऱ्या दिवशी ठेवावा. विशिष्ट तिथीस अन्नदान वा अभिषेक योजणाऱ्या देणगीदारांनी आदल्या दिवशीच मुक्कामास यावे. वृद्धांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. तिकिटापूर्वी विमान कंपनीचे चालू वेळापत्रक अवश्य पाहावे. वेळ हाती ठेवून निघालेल्या भाविकास श्रीविश्वनाथाचे दर्शन शांत चित्ताने घडते.