पेटीतले ग्रंथालय

ग्रंथपाल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येते? टेबलामागे बसून पुस्तकांवर शिक्के मारणारे आणि "गडबड करू नका" म्हणणारे गृहस्थ! पण लोकांच्या दारापर्यंत पुस्तके नेणारे ग्रंथपालही होऊन गेले आहेत.

बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड राज्य करीत होते. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुले वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर वाचायचे काय? खेड्यात पुस्तके मिळत नसत. शिकलेली अक्षरेही पुसली जातील, अशी भीती होती. म्हणून महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतले. त्यांनी इथल्या माणसांना ग्रंथपालाचे काम शिकवले आणि फिरती ग्रंथालये सुरू केली.

फिरते ग्रंथालय म्हणजे पुस्तकांनी भरलेली एक लाकडी पेटी. ती खेड्यात जाई. वाहतुकीचा खर्च सरकार करी, वाचकाला पैसे पडत नसत. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांचे काय? त्यांनाही ग्रंथालय विसरले नाही, याचे मला फार कौतुक वाटते. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची माणसे पडद्यावर चित्रे आणि चित्रपट दाखवीत. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी बडोद्यात वेगळे विभाग होते. मोतीभाई अमीन हे मूळचे शिक्षक. त्यांनी गावोगावच्या लोकांना ग्रंथालये काढायला लावली. गावाने थोडे पैसे जमवले की सरकारही मदत देई. त्यामुळे ते ग्रंथालय गावाला आपले वाटे.

हे काम तुम्हालाही करता येईल. तुमच्या मोहल्ल्यात एखाद्या नानी असतील; त्यांना वाचता येत नसेल किंवा आता नीट दिसत नसेल. शाळेच्या ग्रंथपालांना त्यांच्याविषयी सांगा. ते योग्य पुस्तक काढून देतील, मोठ्याने कसे वाचावे हेही दाखवतील. आठवड्यातून एकदा जा आणि वाचून दाखवा. नानी मध्येच काहीतरी विचारतील. उत्तर आले नाही, तर प्रश्न वहीत लिहून आणा. पुढच्या वेळी कोणते पुस्तक न्यायचे, ते ग्रंथपाल त्या वहीवरून ठरवतील.

शब्दार्थ : ग्रंथालय – कुतुबखाना, संस्थान – रियासत, सक्तीचे – लाजमी, कौतुक – तारीफ.