लाल ठिपका कुणाच्या वावरातला?

गेल्या मे महिन्यात सौंसरहून मामाचा फोन आला. "अबे, तुमच्या कॉलेजात हे शिकवत असतीन ना? हा लाल ठिपका माह्या वावरात कसा काय आला? म्या तं काडीबी नाही पेटवली."

गावातल्या एका पोरानं त्याला मोबाईलवर नासाचा 'फर्म्स' नकाशा दाखवला होता. मामाची भीती खोटी नव्हती. नरवाई म्हणजे गव्हाचं धसकट जाळणाऱ्या शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळणार नाही, असं मध्य प्रदेश सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. त्या योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. मी साहित्याचा विद्यार्थी, पण मामाला उत्तर देणं भाग होतं, म्हणून वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की हा ठिपका म्हणजे फोटो नव्हे. ज्वाळेतून साधारण ४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी जोरात निघतात. उन्हानं तापलेली जमीन तेवढ्या जोरात त्या सोडत नाही. उपग्रह जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाची उष्णता मोजतो. एखादा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा फारच तापलेला आढळला, की तिथं आग असल्याची नोंद होते. २०११ साली सोडलेला सुओमी एनपीपी आणि २०१७ चा नोआ-२० हे यातले दोन उपग्रह. उपग्रह थेट डोक्यावर असताना त्यांचा चौकोन ३७५ मीटर लांब-रुंद असतो.

आता हिशेब करा. ३७५ गुणिले ३७५ म्हणजे सुमारे १४ हेक्टर, जवळपास ३५ एकर. मामाचं वावर चार एकर. म्हणजे एका चौकोनात त्याच्यासारखी आठ वावरं सहज बसतात. आग त्या चौकोनाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, नकाशावर ठिपका पडतो तो चौकोनाच्या मधोमध. मामाचं वावर नेमकं मधोमध आलं, एवढाच त्याचा गुन्हा. (आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. उपग्रहाला धूर दिसतो, धुरा दिसत नाही.)

उलटही घडतं. हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी सहाला पेटवून आठला विझलेलं वावर त्यांच्या हिशेबात येतच नाही. इन्सॅट-३डीआर दर अर्ध्या तासाला चित्र घेतो खरा, पण तो ३६,००० किलोमीटरवर आहे आणि त्याचा उष्णतेचा चौकोन ४ किलोमीटरचा. त्यात अख्खं गाव मावतं. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्याचाही ठिपका तसाच लाल.

मग धुरावरून माग काढता येईल का? मोठ्या आगीचा येतो. तिचा धूर एका जागेवरून निघून वाऱ्याबरोबर पसरत जाणाऱ्या शेपटीसारखा दिसतो. शेपटीचं टोक धरून मागं गेलं की आग सापडते. मामाच्या शेजारच्या आगीची मात्र शेपटी मला सापडली नाही. आग लहान, त्यात आभाळच त्या दिवशी धुरकट.

आभाळ धुरकट दिसलं की गावात लगेच "जाळलं कोणीतरी" म्हणतात. तेही नेहमी खरं नसतं. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरी भुकटी साचली होती. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्र ओलांडून आली होती आणि उपग्रहाच्या चित्रांत तिचा पट्टा समुद्रावर दिसत होता. धूळ आणि धूर वेगळे करायची युक्ती मला फार आवडली. धुराचे कण इतके बारीक की ११-१२ मायक्रोमीटरच्या लहरी त्यांतून जवळजवळ आरपार जातात. धुळीचे खनिज कण जाडे. ते ११ ची लहर १२ पेक्षा जास्त शोषतात. दोन्ही लहरींवर मोजलेल्या तापमानांची वजाबाकी केली की रात्रीसुद्धा धूळ ओळखू येते. अर्थात उपग्रह वरून पाहतो. धूळ नाकाशी आहे की दोन किलोमीटर उंचावर, हे त्या वजाबाकीतून कळत नाही.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. लहरींचं त्यानं सोडून दिलं, ३५ एकरांचं मात्र दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे वावर पाहल्याबिगर समजत नाही." पटवारी येऊन पाहून जाईपर्यंत त्यानं धसकटावर नांगर घातला नाही. शेजाऱ्याचं काळं वावर आणि त्याचं पिवळं, मध्ये फक्त धुरा.